नवा कंगवा

कंगवा नवाच आहे, मी दोनदा सांगितलं.
तरी मारिविक हसत सुटली:
केस विंचरायच्या वस्तूवर तुम्ही खाऊ वळता?
वळतो.
बोराएवढी गोळी दात्यांवर दाबायची,
अंगठ्याने लोटत गुंडाळी करायची,
की पाठीवर रेघा उठतात, नांगरलेल्या वाफ्यासारख्या.
नंदाखालला याला कुलकुल म्हणतात.
आई दर नाताळाला एक कंगवा आणायची,
सण सरला की तो आम्हा पोरींचा.
जानेवारीभर माझ्या वेणीला
नारळाच्या दुधाचा वास यायचा.

इथे फरवानियात नाताळाची सुट्टी नसते,
आणि बाळं काही कॅलेंडर बघून येत नाहीत.
रात्री दोनला, प्रसूती कक्षामागच्या खोलीत
ट्रॉलीवर हिरवं कापड पसरलं,
डबे उघडले.

लिसीअम्माचा केक. मनुका ऑक्टोबरपासून मुरल्या
संत्र्याच्या रसात. रम इथे मिळत नाही.
'चव अर्धी,' ती म्हणाली, 'पण पापही शून्य.'
मारिविकची बिबिंका, केळीच्या पानावर भाजलेली,
पान केरळचं, आठवण मनिलाची,
वर खारवलेलं अंडं.
गोडात अंडं, तेही खारट! मी गप्प बसले.
कंगव्याचा हिशेब फिटला.

डॉक्टर रीमाने बैरुतची मेघली आणली.
नावात मेघ, वाटीत मात्र ओली तपकिरी माती:
तांदळाचं पीठ, शहाजिरं, दालचिनी,
वर भिजवलेले अक्रोड, अंकुर फुटल्यासारखे.
'घरात मूल जन्मलं की करतात,' ती म्हणाली,
'नाताळातही तेवढ्यासाठीच.'
बाळंतिणीच्या घरचा खाऊ तर!
मला अळीव आठवले, डिंक आठवला,
आणि वाटलं, गोठ्यातल्या त्या पोरीला
कोणी काही रांधून दिलं होतं का?
राजे आले ते सोनं, ऊद, गंधरस घेऊन.
वाटीभर गरम काही कोणी आणल्याचं
कुठे लिहिलेलं नाही.

त्सिगे दाराशी पोछा टेकवून उभी.
तिने कशालाच हात लावला नाही.
तिच्या गावी नाताळ सात जानेवारीला,
तोवर उपास: दूध नाही, तूप नाही, अंडं नाही.
आम्ही चौघी चघळता चघळता थांबलो.

तेवढ्यात सहा नंबरची बेल.
घास तोंडात तसाच घेऊन पळालो.
मुलगा. तीन किलो शंभर. रडायला जरा उशीर केला,
मग असा रडला की रीमाने चष्मा काढून पुसला.

परत आले तेव्हा ट्रॉली लखलखीत,
डबे झाकणं लावून एकावर एक.
हातमोज्यांच्या रिकाम्या खोक्यात
त्सिगेने माझे दोन कुलकुल ठेवले होते, टिशूत गुंडाळून.
'तेरा दिवस टिकतील?'
मी एकाच्या रेघांवरून नख फिरवलं. खुटखुटीत.
महिनाभर टिकतात, म्हटलं,
आमच्या आया बोटीवर निघालेल्यांना हेच बांधून द्यायच्या.

तिने जरा विचार केला
आणि अजून एक घेतला.