कर्ण

कोइंब्रात, मोंदेगू नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत,
तिसऱ्या मजल्यावर
इओलांदा क्वारेज्मा वडिलांचा डावा हात हातात घेते.
आदेरितु, सुतार. जानेवारीपासून अर्धं अंग गेलेलं.
उरलेल्या अर्ध्यानं तो अजून चौकटी तपासतो,
बसल्या जागेवरून, एक डोळा मिटून.

खांदा हलू द्यायचा नाही.
तळवा मेजावरून उचलायचा नाही.
कोपर तेवढं फिरवायचं.

खांद्यापासून मनगटापर्यंत एक न दिसणारी रेघ;
बिजागरीवर दार फिरावं तसं
कोपर तिच्याभोवती फिरतं : खाली, बाहेर, वर,
मग बरगडीशी अडतं.
तिच्या प्रबंधात अडत नाही.

तिथे लांब्या ठरलेल्या, दिशा मोकळ्या,
अट एकच, की शेवटच्या बाजूनं
पहिलीच्या सुरुवातीला येऊन मिळायचं.
अशा साऱ्या आकृत्यांचा मिळून एक प्रदेश.
त्यात कर्णाची लांबी ठरवते कोणी कसं वळायचं,
आणि सगळं वळताना
तीच तेवढी बदलत नाही.
दोन कर्ण एकमेकांना छेदत नसले
तर आधी कुठला वळवला, याला महत्त्व नाही.
छेदले तर आहे.
(भावाचा लिस्बनहून फोन येतो
तेव्हा ती खिडकीपाशी जाऊन बोलते.)

मी खालच्या मजल्यावर राहतो.
जिन्यात तिला सांगितलं :
आमच्याकडे बहुभुज म्हणजे पुष्कळ हातांचा,
आणि कर्ण म्हणजे कानही.
ती पिशवी खाली ठेवून थांबली.
‘मग तो ऐकतो का?’

हात पुरता ताणला की कोपर रेघेवर येतं,
वर्तुळाचा ठिपका होतो,
आदेरितु शिवी देतो.

एकदा तिनं बापाच्याच घडीच्या पिवळ्या पट्टीनं मोजलं :
खांदा ते कोपर एकतीस,
कोपर ते मनगट सव्वीस.
म्हणजे कितीही दुमडला हात,
पाच सेंटिमीटर उरणारच.
बरं झालं.
कर्ण शून्य झाला असता
तर कशाभोवती फिरायचं, हे
कोणत्याच सिद्धांताला सांगता आलं नसतं.

एप्रिलात एका मंगळवारी तिनं कोपर सोडून दिलं,
कॉफी उतू जात होती म्हणून.
परत आली तेव्हा
ते आपलं आपण वर चाललेलं,
थरथरत, वर्तुळाचा पाव भाग.

आदेरितु तिकडे बघतच नव्हता.
म्हणाला, दाराची वरची बिजागरी सैल आहे,
कधीपासून सांगतोय.