सुती नको

हफर अल-बातिनमध्ये डिसेंबरचा एक दिवस
चार वेळा कपडे बदलतो.
पहाटे धुकं, दुकानासमोरची पिकअप
नुसत्या लाल दिव्यांवरून ओळखायची.
अकराला ऊन, कॉलरच्या आत टोचणारं.
तीनला उत्तरेचा वारा, वाळू घेऊन.
आणि रात्री पारा दोनवर,
गाडीची काच आतून गोठलेली.

फालेह अल-धफिरी येतात तेव्हा
डाव्या मनगटावर ससाणा, डोळ्यांवर कातडी टोपी.
गल्ल्याशेजारी त्याच्यासाठी लाकडी बैठक ठेवलीय.
तो बसतो. मग आम्ही बोलतो.

मी थर मांडतो काउंटरवर,
नऊ वर्षांत मोडक्या अरबीत पाठ झालेलं म्हणतो:
हा पहिला, अंगालगत, मेंढीची बारीक लोकर,
घाम कातडीवरून उचलतो आणि बाहेर नेऊन सोडतो.
हा दुसरा, उबेचा. घट्ट घेऊ नका,
ऊब कापडात नसते, कापडात अडकलेल्या हवेत असते.
हा तिसरा, वाऱ्यासाठी. काखेत चेन आहे, दुपारी उघडायची.
थंडी वाजायच्या आधी घाला,
घाम यायच्या आधी काढा.

ते ऐकून घेतात. किंमत बघत नाहीत, रंगही नाही.
जाकिटाची बाही कानाशी नेऊन चोळतात.
करकर.
"हा बोलतो. हुबारा ऐकेल."
दुसरं जाकीट. तेही बोलतं, जरा हळू.
तिसरं मुकं निघतं. नऊशे रियाल.
"हे."

पण आतला लोकरी थर ते हाताने बाजूला सारतात.
आत त्यांचा सदरा आहे, जुना थोब कापून शिवलेला,
पांढरा, सुती, चाळीस हिवाळे.

सुती नको, अम्मी फालेह, मी म्हणतो.
सूत घाम पितं आणि सोडत नाही.
दुपारचा घाम संध्याकाळी पाठीवर बर्फ होतो.

रोज म्हणतो मी हे. गिऱ्हाईक पटतं, बिल होतं.
आणि रोज कुठेतरी इचलकरंजीत
माझा बाप मागावरून मान वर करून बघतो,
भुवयांत कापसाची पिंजर,
डावा कान खटखटाटाने कधीच गेलेला.
झोपेतसुद्धा त्याची दोन बोटं चालायची,
तुटलेल्या धाग्याला गाठ मारत.
आमच्या शाळेची फी त्या गाठींतून सुटली.
सूत घाम सोडत नाही, हे त्याला कोण सांगणार?

फालेहनी लोकर घेतली. माझा मान ठेवला म्हणा.

गुरुवारी फोन आला, हातमोजा दुकानातच राहिलाय.
साठ किलोमीटर, शेवटचे वीस बिनरस्त्याचे.
पोचलो तेव्हा वारा उलटला होता.
ससाणा दोनदा सुटला, दोनदा रिकामा आला,
आता टोपीखाली रुसून बसलेला.
मी दुकानातल्याच शर्टावर. दात वाजत होते.
त्यांच्या मुलाने, मिशालने, एक जड फरवा
काही न बोलता माझ्या खांद्यावर टाकला.

शेकोटीजवळ फालेह सोलत गेले:
मुकं जाकीट, उबेचा थर, लोकर,
आणि सगळ्यात आत, अंगालगत, तोच सदरा.
पिळला तर धार निघेल असा.
ओठ निळे, तरी हसत होते:
"तुझं खरं होतं रे, हिंदी. पण घरातून निघताना
हात आपोआप त्याच्याकडेच जातो."

मग त्यांनी कोरडी लोकर उघड्या अंगावर चढवली,
आणि मी सदरा धरला आगीसमोर.
सवयीने दोन बोटांत कापड घेतलं,
घरी थान बघायचो तसं, उजेडाकडे.
बारीक वीण. कुठल्या गावची, कळायला मार्ग नाही.
खालच्या कडेला, शिवणीपासून चार बोटं वर,
एक गाठ होती. नखाला लागली.

वाफ बराच वेळ निघत राहिली.
मिशाल म्हणाला, जवळ धरू नकोस, जळेल.