डबल बेल

अकरा वर्षं मी दांडी धरली नाही.
जिंतूरच्या गाडीत, उभ्या गर्दीत,
डाव्या हातात तिकिटाचं मशीन, उजव्यात सुट्टे.
रस्ता गुडघ्यांना पाठ होता,
झरीच्या अलीकडचा खड्डा, बोरीचं वळण.
आधी पाय वाकायचे, मग गाडी.

झरीजवळच उसाची ट्रॉली आडवी आली.
गव्हाणेनं ब्रेक मारला, त्याची चूक नव्हती.
कानशील सीटच्या लोखंडावर.
रक्ताचा थेंब नाही.
उठले, पायाखालची चिल्लर वेचली,
चौदा रुपये कमी भरले
आणि त्या दिवशी तेवढ्याचंच वाईट वाटलं.

सकाळी दाराला दोन कड्या.
श्रावस्ती दोन, दोघी एकदम म्हणाल्या,
"मम्मी, चहा कपाच्या बाहेर सांडायलाय की!"
घर पाथरीच्या बाजूला कलंडलेलं.
शहाबादी फरशी, जिच्यावरून मी
अंधारातसुद्धा मोरीपर्यंत न चाचपडता जायचे,
ती पाण्यावर ठेवल्यासारखी.
भिंत धरून मी माझ्याच घरात
परक्या गाडीतल्या म्हातारीसारखी.

शेजारच्या कौसाबाई म्हणाल्या,
"लागलं तर दिसलं नसतं का? कामाचा कंटाळा आलाय तिला."
डेपोच्या गेटवर मला झोक जाताना बघून
कुणीतरी हसलं, "सकाळी सकाळीच?"
खूण नव्हती दाखवायला.
नुसता एक खांब होता, तो दोन व्हायचा,
आणि मी दोघांच्या मधून जायला बघायचे.

सिव्हिलमध्ये नुसरत मॅडम. पोरगीच.
त्यांनी पांढरा दोरा दिला, "मणी घरचे ओवा."
श्रावस्तीच्या तुटक्या ब्रेसलेटचे तीन ओवले,
लाल, पिवळा आणि मोरपंखी.
एक टोक खिडकीच्या गजाला, एक माझ्या नाकाला.
"पिवळ्याकडं बघा. काय दिसायलंय?"
"लाल दोन. मोरपंखी दोन."
रडूच आलं.
"मग बरोबर आहे की.
ज्याच्याकडं बघत नाही ते दोनच दिसतं. सगळ्यांना.
मलाबी."

हे आधी कुणी सांगितलं नव्हतं.
छत्तीस वर्षं जगात
लाल मणी दोनच होते,
मला कधी त्याची गरज पडली नाही.

"आणि पिवळा?"
पिवळा दीड होता.

मग रोज फरशीच्या सांध्यावरून,
टाचेला बोटं लावत, मोरी ते देव्हारा नाही,
मोरी ते बाबासाहेबांचा फोटो,
श्रावस्ती मोबाइलवर सेकंद मोजते.
अंगठा समोर धरून मान हलवायची,
नाही, नाही, नाही,
जुना पास घेऊन भांडणाऱ्याला सांगावं तशी.
एका डोळ्याला पट्टी, उद्या दुसऱ्याला.
जिन्याच्या शेवटच्या दोन पायऱ्यांतली
खरी खालची,
हे नडगीवरच्या निळ्या डागानं शिकवलं.

थंडी सरता सरता एका सकाळी
पिवळा एक झाला.
ज्वारीच्या दाण्याएवढा, नीट, गोल.
बोलले नाही कुणाला.
बोललं की फुटेल असं वाटलं.
दुपारपर्यंत फुटलाच, मग रात्री परत जुळला.

काल डेपोत गेले. गाडी धुऊन उभी होती.
गव्हाणेनं पेरू दिला, दर वेळी देतो,
बोलत काही नाही.
रिकाम्या गाडीत मधोमध उभी राहिले.
त्यानं आरशात बघितलं,
"आतल्या आत एक चक्कर मारू का, बाई?"

बेलची दोरी दोन दिसली.
ऊन उतरलं की अजून होतं तसं.
उजवीकडची खरी, हे आता हाताला कळतं.
एकदा ओढली.
एक बेल म्हणजे थांब.
गव्हाणे थांबलेलाच होता,
आरशात बघत राहिला.

डाव्या हातानं दांडी धरली
आणि दोनदा ओढली.

गाडी हलली.
आधी पाय वाकले की गाडी,
नीट कळलं नाही.