पान एकोणीस

विद्यापीठातून आलेली मुलगी सुती हातमोजे घालते
आणि विचारते, मिस्टर बेदोयान,
ह्या भोकांमागे त्यांची भूमिका काय होती?

भूमिका.
मी टाइपरायटर दुरुस्त करायचो, बाई.
सॅन फ्रान्सिस्कोत, चढावरच्या गल्लीत, बेकरीच्या माथ्यावर,
सगळ्या पावत्यांना पावाचा वास.

अठ्ठावन साल असेल. वर्ना होलुब जिना चढून आली,
मशीन कडेवर, तापलेलं मूल आणावं तसं.
नेब्रास्काकडची. नखांत बुटाचं काळं पॉलिश,
चित्रं काढायची त्यानं, रंग परवडत नव्हते.
म्हणाली, ह्याचा ओ कागद फाडतो.

फाडत होता खरा.
झिजून झिजून त्याची कड पात्यासारखी झालेली,
प्रत्येक ओ आरपार,
शब्दाच्या पोटात मोहरीएवढी खिडकी.
इथल्या लोकांच्या नकारात अक्षरंच दोन,
त्यातलं एक भोक.
घरात एक, देवात एक, तिच्या आडनावात एक.

मी कानस उचलली. म्हटलं, पाच मिनिटं थांबा,
बोथट करून देतो.
तिनं मनगट धरलं माझं.
म्हणाली, उलट. धार लावा.

माझा बाप खारपूतहून अनाथ आला,
फ्रेझ्नोत शिवणयंत्रं नीट करत म्हातारा झाला,
त्यानं मला एकच गोष्ट शिकवली होती:
गिऱ्हाइकाचं यंत्र बिघडवून परत देऊ नये.
मी दिलं.

मग एकदा तिनं बोलावलं म्हणून गेलो तळघरात.
दाढीवाली पोरं, स्वस्त लाल वाईन, कुणी ढोलकं बडवतंय,
जो तो आपापली कविता छातीतून ओरडत होता.
वर्ना उभी राहिली आणि वाचलंच नाही तिनं काही.
एकेक पान उघड्या बल्बसमोर धरत गेली.
भिंतीवर उजेडाचे ठिपके.
कुणी म्हणालं, आवाज कुठाय?
कुणी सालं फेकली संत्र्याची.
ती पानं हलवत राहिली, ठिपके आमच्या तोंडांवरून फिरले,
शेजारच्या खलाशाच्या गालावर एक वाक्य बराच वेळ थांबलं होतं.
मला कळलं असं म्हणणार नाही.
पण घरी जाताना धुक्यातला भोंगा वाजला
आणि मला तोही ओ वाटला, त्याला काय करणार.

तर बाई, तुमच्या पेटीत तिचं पुस्तक आहे,
तेवीस प्रतींपैकी एक, दात साफ करायच्या दोऱ्यानं शिवलेलं.
तुम्ही पान एकोणीस उघडता, हळू आवाजात सांगता,
हे तिचं सर्वात कडक पान.
एकच ओळ. एक आकडा, चार,
आणि त्याच्यापुढे दोन भोकं.
तुमच्या प्रबंधात ह्यावर सोळा पानं आहेत म्हणे.
चार दिशा, दोन डोळे. युद्धातून न परतलेले दोन भाऊ.

तिला भाऊ होते की नाही, मला माहीत नाही.
मला एवढंच माहीत आहे की त्या मशीनवर शून्याची कळ नव्हती,
आम्ही शून्याला ओच वापरायचो,
आणि धार लावून झाल्यावर चाचणी म्हणून
मी तिच्याच मशीनवर तिचं बिल टाइप केलं.
चार डॉलर, शून्य शून्य सेंट.
दिले नाहीत तिनं.
शिवून टाकलं.

हे मी मुलीला सांगत नाही.
सोळा पानं लिहिलीत तिनं, रात्री जागून.
आणि भावांचं खरंही असेल.

ती गेल्यावर खिडकी लावून घेतो, वारा नको.
खणातून मलमपट्ट्यांचा जुना पत्र्याचा डबा काढतो.
तिचा रबरी रूळ दर सहा महिन्यांनी चाळण व्हायचा,
मी बदलायचो, मशीन उलटं करून झटकायचो,
आणि आतून पडायचं हे:
कागदाच्या टिकल्या, गोल, शाईची कड असलेल्या,
आठ वर्षांच्या.
भोकं सगळी ग्रंथालयात गेली, नंबर लावून.
ओ माझ्याकडे आहेत.

श्वास धरून झाकण उघडावं लागतं.
ह्यातल्या दोन माझ्या.
कुठल्या, ते शोधायला बसतो कधीकधी,
चष्म्यावर भिंग चढवून,
खालची भट्टी पेटेपर्यंत.