कारणाचा रकाना

दाखल्याचा अर्ज मी रात्रीच लिहिला,
गॅसच्या पुस्तकाखाली ठेवला.
सकाळी त्यावर चहाचा गोल उमटलेला.
पुन्हा लिहिला नाही.

शाळा घरापासून दोनशे पावलं.
मी तिथंच शिकले. तेव्हा तीन खोल्या आणि एकशे दहा पोरं,
आता तीन खोल्या आणि एकोणीस.
तिसरी गळते म्हणून बंद. तिच्यात मोडकी बाकं,
आणि कपाटात, कुलपाआड, चार टॅब,
चार्जर नसलेले.
चार वर्गांना दोन शिक्षक.
त्यातले सर आज प्रशिक्षणाला, काल माहिती भरायला,
परवा मतदार यादी घेऊन आमच्याच दारात:
"घरात किती जण?"
मी म्हटलं, वर्गात किती जण ते सांगा आधी.
हसले.
हसण्यासारखं नव्हतं.

चौथी पास झालेल्या झिमलांच्या पोराला
"विहीर" वाचता येत नाही.
आमच्या वेदिकाला येतं.
ते शाळेमुळं की तिच्या हट्टामुळं,
कुणाला विचारू?

नवरा इरोडला, गलाईच्या दुकानात.
रात्री अकराला फोन, मागं भट्टीचा आवाज.
"विट्याच्या शाळेत घाल.
मी इथं तमिळ शिकलो, मोडकंतोडकं का होईना,
पण इंग्रजी कागद आला की
मालकाच्या पोराला हाक मारतो."
मी म्हटलं, तुम्ही तेजाब टाकता
आणि सोन्यात तांबं किती ते कळतं.
शाळेत काय टाकलं की कळतं?
तो गप्प.
मग म्हणाला, "फी."

पिवळी गाडी पावणेसातला येते.
बत्तीस हजार, गाडीचे वेगळे, बुटांचे दोन जोड.
शेजारच्या सुवर्णाची आर्या जाताना गाडीत झोपते,
येताना पण झोपते.
तिच्या वहीत पानोपानी स्टार.
"माझी आई" या निबंधात
आई रोज ऑफिसला जाते.
सुवर्णा तेव्हा बांधापलीकडं
डाळिंबाला कागदी टोप्या घालत होती.
मला हसू आलं, खोटं कशाला बोलू.
पण आजीच्या गोळ्यांची नावं
पाकिटावर वाचून आर्याच देते,
दवाखान्यातल्या चिठ्ठीसकट.
तेव्हा मात्र पोटात काहीतरी हललं.

सांगलीची नणंद म्हणते, शाळाच नको वहिनी,
आमच्या सोसायटीत दोघी जणी घरीच शिकवतात,
पोरं काय छान चित्रं काढतात.
घरीच.
मी सहाला बागेत असते.
घरी शिकवायला आधी
घरी असावं लागतं.

आणि मग भिंगारदिवे बाई आहेत.
मार्चात त्यांनी पोरांच्या हातात दोरी दिली,
विहीर मोजायला लावली, घेर आणि खोली.
त्या रात्री वेदिका म्हणाली,
"आई, पाणी बावीस हात खाली गेलंय,
तुला माहितीये?"
मोटार मी रोज सुरू करते.
डोकावून बघितलं नव्हतं कधी.

आज बाईंनी अर्ज घेतला,
चहाच्या डागाकडं बघून न बघितल्यासारखं केलं.
दाखल्याचं पुस्तक काढलं.
वर्तणूक: चांगली. प्रगती: चांगली.
अक्षर असं, की पुसावंसं वाटू नये.
शाळा सोडण्याचे कारण...
तिथं पेन थांबलं.
"नेहमीचं लिहू?"
नेहमीचं म्हणजे?
"पालकांच्या विनंतीवरून."

एकोणिसातून एक.
बाई पुढचं बोलल्या नाहीत.
वजाबाकी मीही याच खोलीत शिकले.

बाहेर वेदिका तीच दोरी घेऊन
व्हरांडा मोजत होती,
मोठ्यानं, चुकत, पुन्हा पहिल्यापासून.

मी म्हटलं, थांबा बाई.
विनंती माझी नाही एकटीची,
आणि हा रकाना बोटभर आहे.
त्यांनी पेनाला टोपण लावलं.
पुस्तक मिटलं नाही.

उद्या पावणेसातला गाडी दारात हॉर्न देईल.
पोरगी तयार असेल, वेणी घालून.
कुठल्या बाजूला पाठवायची,
ते अजून