टिकलीएवढा कागद

घणसोली. रात्रीचे पावणेबारा.
पुलाच्या तिसऱ्या खांबापाशी आले की
लॅपटॉप धापा टाकायला लागतो.
चौऱ्याण्णव अंश.
एवढ्यावर दूध कडेने थरथरू लागतं.

पूल अजून कागदावरच आहे,
मुरबाडच्या पुढे कुठल्याशा ओढ्यावरचा,
आणि नकाशे शुक्रवारी द्यायचेत.

नौपाड्यातल्या सर्व्हिस सेंटरमधली मुलगी म्हणाली,
"मॅडम, नव्वदपर्यंत नॉर्मल असतं."
मी म्हटलं, चौऱ्याण्णव.
"मग उशीवर ठेवत असाल."
मी लॅपटॉप कधी उशीवर ठेवला नाही.
हल्ली डोकंसुद्धा धड ठेवत नाही.
"जमा करा. दहा दिवस लागतील. वर्किंग."
तो शेवटचा शब्द तिने असा टाकला,
जशी भाजीवाली वर घातलेली मिरची
हळूच काढून घेते.

कोपरखैरण्याच्या गाळ्यात मुश्ताक परकार
पंखा बंद ठेवून बसतो, धूळ उडते म्हणून.
त्याने उघडला नाही. पाठीवर नुसता तळवा ठेवला,
तापातल्या पोराला बघावं तसा.
"चिप आणि तांब्याच्या मधे लेप असतो, ताई. तो सुकलाय."
मला अण्णांच्या कपाळावरचं संध्याकाळचं गंध दिसलं,
कडेने पापुद्रा सुटलेलं.
"वीस मिनिटांचं काम. तीनशे रुपये.
वॉरंटी आहे का?"
आहे. अकरा मार्चपर्यंत.
"मग मी हात लावत नाही.
आणि तुम्ही लावलात, तर मला सांगू नका."
ट्यूब मात्र त्यानेच विकली.
मसुराच्या दाण्याएवढी बस्स, म्हणाला.
मसूर. हरभरा नाही.

आठ स्क्रू. सात उघडेच.
आठव्यावर टिकलीएवढा कागद,
त्यावरची अक्षरं चष्मा काढून, डोळ्याशी नेऊन वाचली:
फाटल्यास जबाबदारी आमची नाही.

अण्णा रबाळ्याच्या कारखान्यात बॉयलरवर होते.
तिथल्या एका व्हॉल्व्हला शिशाचं सील असायचं.
एकदा रात्रपाळीत त्यांनी ते तोडलं,
कुणाला न विचारता, प्रेशर चढत होतं म्हणून.
बॉयलर वाचला. अण्णांना मेमो मिळाला.
तो त्यांनी लॅमिनेट करून ठेवला होता,
अभिमानाने की रागाने
ते विचारायचं राहून गेलं.

पण माझ्याकडे प्रेशर कुठलं, नुसता उकाडा.
हात थरथरून मदरबोर्ड गेला, तर अठ्ठावीस हजार.
आणि काहीच न करता, असाच भाजत भाजत,
बारा मार्चला गेला, तर?

मी नखाने एक कोपरा उचलला.
एकच.
गोंदाचा धागा निघाला, पाकाचा निघतो तसा.
घाबरून परत दाबला.

मग मागच्या कडेखाली
पाण्याच्या बाटलीची दोन बुचं सरकवली.
हवेला वाट झाली. अठ्ठ्याऐंशी.
तिसरा खांब संपला. चौथा अर्धा.
खिडकीबाहेर हाय टेन्शनच्या तारा
रात्रभर गुणगुणत होत्या,
त्यांना कुणी नॉर्मल म्हणतं का, माहीत नाही.

ट्यूब फ्रिजच्या दारात आहे,
आगळाच्या बाटलीला टेकून.
सकाळी दूध काढताना दिसलं,
तिच्यावरही तारीख आहे.
फेब्रुवारीअखेर.

आणि तो कोपरा
कितीही दाबला तरी दुपारपर्यंत
जरासा वर येतोच.
एवढ्याला उघडलं म्हणतात का,
नौपाड्यातल्या मुलीला विचारायचंय.
फोन दोनदा हातात घेतला.
दहा दिवस, म्हणेल. वर्किंग.