सोळा उभ्या, एकोणीस आडव्या

वेंडुला पहिल्यांदा आली तेव्हा नऊ वर्षांची होती,
बापाच्या सायकलच्या दांड्यावर बसून.
रॅकेट कसली, फाटकी चाळणीच ती.
काउंटरवर ठेवून म्हणाली, बावीस किलो.
मी म्हटलं, मनगट बघ केवढंसं, एकोणीस पुरे.
तिनं मान हलवली.
हो की नाही, ते मला आजतागायत कळलेलं नाही.
मी बावीसवर ओढली.

आमच्या कार्विनात जमीन सरळ नाही.
खालून कोळसा काढून काढून पोकळी झाली
आणि वरचं एकेक खचत गेलं,
आधी शाळा, मग दोन गल्ल्या,
चर्च तेवढं तिरकं उभं आहे अजून,
काठी नाकारणाऱ्या म्हातारीसारखं.
टेनिसचं कोर्टही त्यातलंच.
दर एप्रिलला विटांचा लाल चुरा अंथरायचा,
रूळ फिरवायचा, पाणी मारायचं,
आणि तरी मागच्या डाव्या कोपऱ्यात
चेंडू उसळायच्या ऐवजी निजायचा.

बाहेरून खेळायला आलेल्या मुली
त्या कोपऱ्यात रडायच्या.
ही तिथंच उभी राहायची,
गुडघे इतके वाकवून
की स्कर्टच्या काठाला लाल माती लागे.
पाळी संपवून बोहुमिल यायचा, तिचा बाप,
पापण्यांच्या कडा काजळ घातल्यागत
(कोळसा तिथून काही केल्या निघत नाही),
आणि टोपलीभर चेंडू
एकेक करून त्याच कोपऱ्यात टाकायचा.
टेनिसमधलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं.
खचणाऱ्या जमिनीतलं कळत होतं.

मग ती प्रागला गेली,
मग विमानतळांवर,
मग नुसतीच विमानतळांवर.
मोठ्या स्पर्धेआधी आठ रॅकेटींचं खोकं माझ्याकडे यायचं,
आत चिठ्ठी, चिठ्ठीवर एक आकडा.
ख्यालीखुशाली नाही, सही नाही.
तारा ओढणाऱ्या बाईला आकडा पुरतो.
चोवीस म्हणजे झोप लागते आहे.
सव्वीस म्हणजे नवा प्रशिक्षक.
अठ्ठावीस आला तेव्हा मी बोहुमिलला फोन केला,
विचारलं, भांडलात का रे?
पलीकडे बराच वेळ नुसतं खोकणं.

एकोणिसाव्या वर्षी ती जिंकली.
क्लबातल्या टीव्हीसमोर सगळं गाव,
मी मागे, बिअरच्या पिंपावर चढून.
शेवटचा चेंडू रेषेवर पडला नि मेला,
उसळलाच नाही,
आणि ही आधीच खाली होती,
गुडघे वाकवून,
जणू त्याची वाट बघत.
केवढं हे नशीब! टीव्हीवरचा माणूस ओरडला.
आम्ही साठ-सत्तर जण एकदम हसलो.

रस्त्याच्या तोंडाशी तिच्या नावाची पाटी लागली.
पाटीचा खांब दोन वर्षांत कलला.
कुणी सरळ केला नाही.

त्याच सुमारास मनगट गेलं.
पेपरात फोटो, हाताला पांढरं बांधलेलं,
खाली क्रमवारीचा आकडा,
नंतर तोही छापेनासे झाले.
खोकी यायची थांबली.
यंत्रावर मी फडकं टाकलं,
शाळेच्या पोरांच्या रॅकेटी तेवढ्या करत बसले,
वीसवर, सगळ्या वीसवर.

नोव्हेंबरात ती स्वतः आली.
बुटांचा चिखल दाराशी झटकला,
लहानपणी कधी झटकत नसे.
एकच रॅकेट. म्हणाली, एकोणीस.
मी पुन्हा विचारलं.
एकोणीस, जार्मिलाबाई.
तुम्ही तेव्हाच सांगितलं होतं.

मग म्हणाली, मी ओवू का?
मी स्टूल सरकवलं.
सोळा उभ्या झटपट झाल्या,
आडव्या सुरू झाल्या, एक खालून, एक वरून,
सातवीला चुकली.
जगातल्या कितीतरी मुलींना हरवलेली बोटं ती,
तारेला घाबरत होती.
काढ, म्हटलं, पुन्हा घाल.
काढली. पुन्हा घातली.
बाहेर कोर्टावर ताडपत्री फडफडत होती,
डाव्या कोपऱ्यात नेहमीचं डबकं.

एकोणिसावी बांधून झाल्यावर
तिनं रॅकेट कानाशी धरली,
तारांवर नख मारलं.
आवाज खर्जातला निघाला, लांबलेला.
तिनं पुन्हा नख मारलं.
मी दिवा लावायला उठले,
तरी ती ऐकतच होती.